साल्वादोरला निघण्याआधी: रेकॉर्डर, परवानगी आणि ‘जतन’ या शब्दाविषयी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ठाण्यात चार वर्षं तुम्ही कॅपोएरा, म्हणजे लढत, नाच आणि गाणं एकत्र असलेली ब्राझीलमधली आफ्रिकी वंशजांची कला, शिकताय. जानेवारीच्या शेवटी दोन महिन्यांसाठी ब्राझीलच्या बाहिया राज्यात, साल्वादोरला जाताय. तिथल्या वयस्क मेस्त्रेंच्या, म्हणजे कॅपोएराच्या गुरूंच्या, मुलाखती आणि कांदोंब्ले या आफ्रिकी मुळांच्या धर्माची गाणी ‘नामशेष होण्याआधी’ ध्वनिमुद्रित करून यूट्यूबवर टाकायची आहेत. परत आल्यावर २० नोव्हेंबरला ठाण्यात त्यावर कार्यक्रम करायचा आहे. त्यासाठी रेकॉर्डर कोणता घ्यावा आणि परवानगी कोणाची काढावी, एवढंच तुम्ही विचारलंय.

रेकॉर्डरचं उत्तर चार ओळींत संपतं, ते शेवटाकडे देते. परवानगीचं मात्र एका कागदात संपत नाही. मी ध्वनिसंग्रहात काम करते. मूळची मिरजेची. गेल्या अठरा वर्षांतली नऊ साल्वादोरमध्ये आणि त्याला लागून असलेल्या रेकोंकावो भागात, म्हणजे जुन्या उसाच्या मळ्यांच्या पट्ट्यात गेली. पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्याही मनात हाच शब्द होता: ‘नामशेष होण्याआधी’. आज तो मला खटकतो, आणि का खटकतो ते सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही.

ब्राझीलमध्ये सुमारे ४८ लाख आफ्रिकी माणसं गुलाम म्हणून उतरवली गेली. उत्तर-दक्षिण अमेरिका खंडांत जिवंत पोचलेल्या दर पाच जणांतले दोनहून अधिक. गुलामगिरी कायद्याने संपली ती १३ मे १८८८ रोजी, दोन्ही अमेरिका खंडांत सर्वांत शेवटी. दोनच वर्षांनी, १८९० साली, दोन गोष्टी झाल्या. मंत्री रुई बार्बोझा यांच्या आदेशाने गुलामीचे सरकारी दस्तऐवज जाळायला काढले गेले, आणि नव्या दंडसंहितेत कॅपोएरा हा गुन्हा ठरला. आदेशामागे माजी मालकांनी नुकसानभरपाई मागू नये हा हेतू होता असं अनेक इतिहासकार मानतात. हेतू काहीही असो, नातवंडांच्या हातून कागद गेला. उरलं ते गाण्यात, स्वयंपाकात, ढोलाच्या ठेक्यात आणि देवांच्या नावांत. म्हणजे ज्या गोष्टी तुम्हाला वाचवायच्या आहेत, त्या कायदा, पोलीस आणि आग यांच्यातून आधीच वाचवल्या गेल्या आहेत, आणि ज्यांनी वाचवल्या ती माणसं तिथेच राहतात. धोक्यात गाणं नाही. धोक्यात आहे गाणाऱ्याचं घर, घरामागची झाडं, बसायची जागा, म्हातारपणीचं औषधपाणी.

म्हणून खरा प्रश्न मी असा मांडेन: ही आठवण आज कोण सांभाळतंय, आणि आपण बाहेरून येऊन हात लावला की त्या सांभाळणाऱ्याचं बळ वाढतं की कमी होतं?

याचं उत्तर बरंचसं परिस्थितीवर ठरतं. तुम्हाला पोर्तुगीज किती येतं? तुमचे ठाण्याचे शिक्षक कोणत्या मेस्त्रेंच्या परंपरेतले, आणि ते तुमच्यासाठी तिथे शब्द टाकतील का? तुम्ही ज्या घरात जाल ते कोणतं? कांदोंब्ले म्हणजे एकच एक पंथ नव्हे. केतू, अंगोला, जेजे अशा त्याच्या ‘नासांव’, म्हणजे शाखा, आहेत. प्रत्येकीची प्रार्थनेची भाषा वेगळी, ताल वेगळे, आणि प्रत्येक तेरेइरोत, म्हणजे पूजाघरात, शेवटचा शब्द तिथल्या मुख्य पुजारिणीचा किंवा पुजाऱ्याचा. एका घरात चालतं ते शेजारच्या घरात चालेलच असं नाही. तेव्हा माझं म्हणणं नियमावली म्हणून घेऊ नका. मी काय केलं, कुठे चुकले आणि त्यावरून काय समजले, तेवढं सांगते.

आधी तेरेइरोविषयी, कारण चूक होण्याची शक्यता तिथेच जास्त. तेरेइरो म्हणजे देऊळ, राहतं घर आणि झाडांचं आवार, तिन्ही एकत्र. झाडं शोभेची नसतात. योरुबा या पश्चिम आफ्रिकेतल्या भाषेत म्हण आहे, ‘कोसी एवे, कोसी ओरिशा’: पान नाही तर ओरिशा, म्हणजे देवता, नाही. मुख्य पुजारिणीला ‘मांय’ म्हणतात, म्हणजे आई. उच्चार आपल्या ‘माय’च्या इतका जवळचा आहे की मला पहिल्या दिवशी भरून आलं होतं. तिथे वय जन्मापासून मोजत नाहीत, दीक्षेपासून मोजतात. साठीचा माणूस गेल्या वर्षी दीक्षित झाला असेल, तर दहा वर्षांपूर्वी दीक्षा घेतलेल्या पंचविशीतल्या मुलीकडे तो वाकून आशीर्वाद मागतो. ज्ञान याच पायऱ्यांनी मिळतं. कोणतं गाणं कोणी, कोणत्या रात्री, कोणासमोर म्हणायचं हे ठरलेलं असतं. रेकॉर्डर या सगळ्या पायऱ्या एका उडीत ओलांडतो, आणि हरकत असते ती या ओलांडण्याला.

१९५१ साली ‘ओ क्रुझेइरो’ या खपाच्या सचित्र साप्ताहिकाने दीक्षेच्या गुप्त विधीची छायाचित्रं छापली. मथळा भडक, चित्रांत रक्त. बाहियातल्या तेरेइरोंमध्ये हलकल्लोळ झाला. ज्या घरात ती काढली गेली त्या घराकडे बाकीच्यांनी संशयाने पाहिलं. एवढी वर्षं लोटली, तरी एका जुन्या घरात मी कॅमेऱ्याचा विषय काढला तेव्हा तिथल्या वडीलधाऱ्या बाईंनी आधी हीच गोष्ट सांगितली, काल घडल्यासारखी.

आता माझी चूक. दुसऱ्या वर्षी एका सार्वजनिक उत्सवाला गेले होते. उत्सवाला कोणालाही यायची मुभा होती, फोटो काढू नका असं सांगितलं होतं, आवाजाबद्दल कोणी काही बोललं नव्हतं. मी पिशवीतला रेकॉर्डर सुरू ठेवला. दुसऱ्या दिवशी मलाच चैन पडेना, म्हणून जाऊन सांगितलं. मांयनी रागावण्याऐवजी मला शेजारी बसवलं आणि सगळं लावायला सांगितलं. अडीच तास त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग साधारण चार मिनिटांचा एक तुकडा पुसायला सांगितला. का, ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्यांच्यासमोर पुसला. बाकीचं मात्र त्यांनी घरासाठी मागून घेतलं, कारण त्यात एका वृद्ध ढोलवादकाचा हात होता आणि त्याच्या नातवाला तो ऐकवायचा होता. परवानगी कशाला म्हणतात ते मी त्या दुपारी शिकले. सही असलेला कागद ही तिची सुरुवात. ती खरी होते ती ज्याचं आहे त्याने पूर्ण ऐकून ‘हे राहू दे, हे नको’ म्हटल्यावर.

त्यामुळे कांदोंब्लेची गाणी मुद्रित करण्याचा बेत या वेळी सोडून द्या, असं मी स्पष्टच सांगते. दोन महिन्यांत तो विश्वास तयार होत नाही. उत्सवाला जरूर जा, पाहुणा म्हणून. पांढरे किंवा फिके कपडे घाला, काळा नको. बायका आणि पुरुष बहुधा वेगवेगळ्या बाजूंना बसतात, दाखवतील तिथे बसा. ‘रुं’, ‘रुंपी’ आणि ‘ले’ या तीन ढोलांना हात लावू नका. ते अभिषिक्त असतात, त्यांना नैवेद्य दाखवला जातो. शेवटी जेवण वाढतात, ते न घेता निघू नका.

‘जतन’ या शब्दाचं मला माहीत असलेलं सर्वांत कडवट उदाहरण रिओ द जानेरोतलं आहे. तिथे १८८९ ते १९४५ या काळात पोलिसांनी कांदोंब्ले आणि त्याच्या जवळच्या उंबांदा या धर्माच्या पूजास्थानांवर छापे घातले. ढोल, मूर्ती, माळा, वस्त्रं, ओरिशांची आयुधं उचलून नेली. आपल्या पोलिसी भाषेत सांगायचं तर मुद्देमाल. हा मुद्देमाल पोलिसांच्या संग्रहालयात ठेवला गेला, आणि १९३८ साली त्यातल्या वस्तूंची राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदही झाली. नोंदीत नाव काय, तर ‘काळ्या जादूच्या संग्रहालयाचा संग्रह’. वस्तू टिकल्या, क्रमांक पडले, कायद्याचं संरक्षण मिळालं, आणि ज्यांचे ते देव होते त्यांना पूजेचा हक्क नव्हता. तुमच्या आजीच्या देव्हाऱ्यातले टाक कुणी ठाण्याच्या मालखान्यात चिठ्ठी लावून ठेवले आणि त्याला वारसा म्हटलं, तर कसं वाटेल?

ते सोडवून आणायला कित्येक वर्षं लागली. मांय मेनिनाझिन्या दे ओशुं यांनी लहानपणापासून ‘आपलं पवित्र सामान पोलिसांकडे आहे’ हे घरात ऐकलं होतं. २०१७ मध्ये त्यांच्या आणि इतर धर्मप्रमुखांच्या पुढाकाराने ‘आमचं पवित्र मोकळं करा’ ही मोहीम उभी राहिली. २०२० साली ५१९ वस्तू रिओतल्या प्रजासत्ताक संग्रहालयात आणल्या गेल्या, आणि तेव्हापासून त्यांचं काय करायचं ते संग्रहालय आणि तेरेइरोंची माणसं मिळून ठरवतात. पुढे २०२३ मध्ये नोंदीतलं नावही बदललं: ‘नोस्सो साग्रादो’, आपलं पवित्र. आमच्या व्यवसायात हे प्रकरण मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगते, कारण वस्तू तीच राहून फक्त ठरवणारा बदलला, तर जप्तीचं जतन होतं.

याच्या उलट, चांगलं झालेलं उदाहरण साल्वादोरमध्येच आहे. एंजेन्यो वेल्यो वस्तीतलं ‘काझा ब्रांका’ हे जुनं तेरेइरो. १९८४ साली ते राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदवायचा प्रस्ताव आला. मानववंशशास्त्रज्ञ जिल्बेर्तो वेल्यो यांनी तो मांडला. वारसा मंडळात मतं फाटली. बरोक चर्च आणि किल्ले नोंदवण्याची सवय असलेल्यांचा आक्षेप असा, की या साध्या घरांत वास्तुशिल्प कुठे आहे, आणि जे रोज बदलतं ते गोठवायचं कसं? प्रस्ताव काठावर मंजूर झाला. त्यातून त्या समाजाला काय मिळालं? जमीन. विक्रीची आणि बांधकामाची टांगती तलवार गेली, आणि पुढच्या अंगणावर बसलेला पेट्रोल पंप कालांतराने हटला. गाणं वाचवायचं असेल तर गाणं म्हणायच्या अंगणातून पेट्रोल पंप काढावा लागतो, हे मला कुठल्याही अभ्यासक्रमात शिकवलं नव्हतं.

आता मेस्त्रेंकडे येऊ. इथे तुम्हाला खरंच काही करता येईल, कारण तुम्ही शिष्य म्हणून जाताय. ‘मेस्त्रे’ हा शब्द आपल्याला परका नाही. आपला ‘मेस्त्री’, ‘मिस्त्री’ त्याच पोर्तुगीज शब्दातून आला. हाताने काम शिकवणारा माणूस, हा अर्थ मनात ठेवून त्यांच्यापुढे बसा.

मेस्त्रे बिंबा यांनी १९३२ साली साल्वादोरमध्ये अकादमी काढली, १९३७ मध्ये तिला सरकारी मान्यता मिळाली, आणि गुन्हा असलेली विद्या उघड्यावर आली. मेस्त्रे पास्तिन्या यांनी १९४१ पासून अंगोला शैलीची शाळा उभी केली. ही दोन नावं तुम्हाला पाठ असतील. त्यांचा शेवट ठाऊक आहे का? सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पेलोरिन्योच्या जुन्या पेठेचं सुशोभीकरण निघालं आणि पास्तिन्यांची शाळेची जागा गेली. डोळे गेलेले, हातात पैसा नाही, अशा अवस्थेत ते १९८१ मध्ये वारले. बिंबा कदर होत नाही म्हणून बाहिया सोडून दूर गोयानियाला गेले आणि १९७४ मध्ये तिथेच हलाखीत गेले. दोघांचीही छायाचित्रं तोवर पर्यटनाच्या पुस्तिकांत होती.

हे मनात असल्यामुळेच २००८ साली ब्राझीलच्या वारसा संस्थेने, ‘इफान’ने, कॅपोएराची नोंद करताना जो आराखडा केला त्यात केवळ चित्रफिती नव्हत्या. वृद्ध मेस्त्रेंना विशेष निवृत्तिवेतन मिळावं अशी शिफारस होती, आणि बेरिंबाव या कॅपोएरातल्या धनुष्यासारख्या एकतारी वाद्याचा दांडा ज्या बिरिबाच्या लाकडाचा करतात त्या झाडाच्या लागवडीचा विषयही होता. २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं, त्याचा गाजावाजा मोठा झाला. मला विचाराल तर निवृत्तिवेतन आणि बिरिबाचं झाड हे दोन मुद्दे त्या यादीपेक्षा मोलाचे आहेत.

मग तुम्ही काय करावं? पहिले दोन आठवडे रेकॉर्डर बाहेर काढू नका. रोज सरावाला जा, रोदात, म्हणजे खेळाच्या वर्तुळात, बसा, टाळ्या द्या, कोरसात गा, जागा झाडा. मग मेस्त्रेंना विचारा की तुमच्यासाठी काय करू. उत्तर बहुतेक वेळा मुलाखत हे नसतं. माझ्या ओळखीच्या एका मेस्त्रेंनी मला दीड वर्ष मुलाखत दिली नाही. त्यांच्याकडे बुटांच्या खोक्यात चाळीसेक कॅसेट होत्या, दमट हवेने बुरशी धरलेल्या. त्यांच्या गुरूचा आवाज, जुन्या रोदा, गेलेल्या मित्रांची गाणी. मी एक चांगला कॅसेट डेक आणला, तीन महिने संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर बसून एकेक फीत साफ करून उतरवून घेतली. फीत चालू असताना ते आपोआप बोलायला लागले. हा कोण गातोय, इथे कोण हसलं, ही रोदा कोणत्या चौकात झाली, नंतर तिथे पोलीस कसे आले. माझ्याकडे आज असलेली सर्वांत मौल्यवान मुलाखत हीच, आणि ती मी मागितली नव्हती. तुमच्या मेस्त्रेंकडेही असं काही असेल: फोटोंच्या मागे नावं लिहायची असतील, जुने दाखले स्कॅन करायचे असतील, सरकारी अर्ज भरायचा असेल. ते काम आधी.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा, तिचा मला अजून त्रास होतो. सुरुवातीच्या काळात मी काही मुद्रणं परदेशातल्या एका संग्रहाकडे सोपवली, सुरक्षित राहतील म्हणून. सुरक्षित राहिलीही. चार वर्षांनी त्यातल्या एका गायकाच्या मुलीला वडिलांचा आवाज हवा होता, तर तिला इंग्रजीत अर्ज करावा लागला, शुल्क भरावं लागलं, आणि उत्तर सात महिन्यांनी आलं. तोवर तिची आई गेली होती. तेव्हापासून पहिली प्रत घरात, मगच दुसरीकडे. पहिली प्रत म्हणजे त्यांना वापरता येईल अशी: फोनवर वाजणारी, पेन ड्राइव्हवर, नावं लिहिलेली.

तुम्ही नुसतं गाणं नव्हे, वाद्यंही बघाल म्हणून एक गोष्ट सांगते, मी मिरजेची असल्याने मला ती विशेष जवळची. रेकोंकावोत ‘सांबा दे रोदा’ नावाचा प्रकार आहे. बायका वर्तुळात एकेक करून नाचतात, बाकीचे टाळ्या देतात, ताटावर सुरी घासून ठेका धरतात. २००५ मध्ये युनेस्कोने त्याला मान्यता दिली. त्याच्या साथीला ‘माशेते’ नावाची लहानशी, दुहेरी तारांची गिटार असायची. ती करणारे शेवटचे पारंपरिक कारागीर १९८०च्या दशकात वारले आणि वाजवणारेही दोन-चार वृद्धच उरले. संशोधकांकडे माशेतेची ध्वनिमुद्रणं होती. पण ती ऐकून वाद्य करता येत नाही. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत लहानपणी भोपळे वाळत घातलेले मी पाहिलेत. कोणता भोपळा तानपुऱ्याचा आणि कोणता सतारीचा, हे कारागीर बोटाने वाजवून सांगायचे. ते ज्ञान फितीवर येत नाही. बाहियातल्या बचावकार्यात म्हणूनच माशेते पुन्हा घडवायला आणि तरुणांना वाजवायला शिकवायचं ठरलं. उरलेली जुनी वाद्यं नमुना म्हणून समोर ठेवली आणि सुतारकामाचं काम सुरू झालं. पहिल्यांदा एका शाळकरी पोराच्या हातात नवी माशेते पाहिली तेव्हा मला माझ्या सगळ्या हार्ड डिस्कपेक्षा ती जास्त खरी वाटली. तुमच्या बेरिंबावलाही भोपळाच असतो. तो निवडायला, वाळवायला, तासायला शिकून या. ठाण्यात परत येताना वीस मुलाखतींपेक्षा हे एक कौशल्य आणलंत तर तुमच्या शिक्षकांनाही आनंद होईल.

तिथल्या सणांबद्दलही थोडं सांगते, कारण तुमच्या तारखा चांगल्या आहेत. २ फेब्रुवारीला रिओ वेर्मेल्यो किनाऱ्यावर येमांजा या समुद्रदेवीचा उत्सव असतो. कोळी समाज फुलांच्या, भेटींच्या करंड्या होड्यांतून समुद्रात नेतो. नारळी पौर्णिमा पाहिलेल्या माणसाला तिथे कोणी काही समजावून द्यावं लागत नाही. फूल अर्पण करा, प्लास्टिक आणि काचेच्या बाटल्या नकोत. तेरेइरोची माणसं स्वतःच हे सांगत असतात.

मग कार्निव्हाल. शनिवारी रात्री कुरुझूच्या चढावरून ‘इले आइये’ निघतो. १९७४ साली फक्त काळ्या लोकांचा म्हणून सुरू झालेला हा जथा. पुढच्या वर्षी वर्तमानपत्राने त्याला वर्णद्वेषी म्हटलं होतं, आणि आज साल्वादोरच्या कार्निव्हालचा आवाजच त्याच्यासारख्या जथ्यांनी बदललेला आहे. आणि ‘फिल्योस दे गांधी’. तुम्ही भारतीय आहात कळलं की तुम्हाला तिथे कोणीतरी याबद्दल विचारेलच. १९४९ साली, गांधीहत्येच्या पुढच्या वर्षी, साल्वादोरच्या गोदी कामगारांनी हा जथा काढला. चादरींचा वेश, टॉवेलांचे फेटे, आणि ताल इजेशा, थेट कांदोंब्लेतून आलेला. आज हजारो पुरुष पांढऱ्या वेशात, निळ्या-पांढऱ्या माळा घालून, लव्हेंडरचं अत्तर शिंपडत जातात. आपल्या गांधींशी त्यांची तुलना करत बसू नका. ज्यांना रस्त्यावर जमण्याची भीती होती अशा कामगारांनी शांततेचं नाव घेऊन रस्ता मिळवला, ही त्यांची स्वतःची गोष्ट आहे. ती त्यांच्याकडून ऐका.

रस्त्यावर पांढऱ्या घेरदार वेशात ‘आकाराजे’ तळणाऱ्या बायका दिसतील. हे वडे चवळीचे असतात: भिजवून, सालं काढून, वाटून, फेटून, लालसर देंदे (पाम) तेलात तळलेले. सोबत कधी भेंडीचं ‘कारुरु’, त्यात सुकी कोळंबी. गुलामीच्या काळात अशाच फेरीवाल्या बायकांनी पैसे साठवून स्वतःची आणि नातलगांची सुटका विकत घेतली. २००५ पासून हा व्यवसाय राष्ट्रीय वारसा आहे. तरी २०१४च्या फुटबॉल विश्वचषकाआधी स्टेडियमच्या आवारात त्यांना बसू देणार नाहीत अशी वेळ आली होती, आंदोलन केल्यावर परवानगी मिळाली. कागदावर वारसा आणि पायाखाली जागा या वेगळ्या गोष्टी आहेत. फोटो काढण्याआधी आकाराजे विकत घ्या, नाव विचारा, दुसऱ्या दिवशी त्याच बाईंकडे पुन्हा जा.

आता थोडक्यात, कामाचं. आधी शिष्य म्हणून राहा, तेरेइरोत काहीही मुद्रित करू नका, मेस्त्रेंना काय हवं ते विचारून ते काम आधी करा. मुद्रण कराल तेव्हा ते त्यांच्यासोबत पूर्ण ऐका, आणि कोणता भाग फक्त घरासाठी, कोणता शिष्यांसाठी आणि कोणता सगळ्यांसाठी हे त्यांच्याच तोंडून फितीवर नोंदवून घ्या. यूट्यूबवर फक्त तिसरा प्रकार. बसलेल्या वेळेचे पैसे द्या. आपल्याकडेही गायकाला बिदागी देतोच की.

रेकॉर्डर कोणताही हातातला चालेल, मात्र ‘वेव्ह’ फाइल, २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ एवढं त्यात हवं. वाऱ्यासाठी केसाळ टोपी, कानाला बंद हेडफोन, जादा कार्डं. रोदात तिन्ही बेरिंबावच्या समोर मायक्रोफोन धरलात तर गाणं बुडतं, थोडं बाजूला आणि उंच ठेवा. प्रत्येक मुद्रणाच्या सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि हजर माणसांची नावं मोठ्याने बोला. वीस वर्षांनी फाइलचं नाव हरवतं, आवाजातलं नाव राहतं. रोज रात्री दोन वेगळ्या डिस्कवर प्रत. दमट हवेसाठी सिलिका जेलच्या पुड्या इथूनच न्या.

राहिला २० नोव्हेंबर. ही तारीख निवडलीत हे फार चांगलं केलंत, पण ती का आहे ते कार्यक्रमात आधी सांगा. आलागोआसच्या डोंगरात पाल्मारेस नावाची पळून गेलेल्या गुलामांची वसाहत सतराव्या शतकात कित्येक दशकं टिकली. तिचा नेता झुंबी २० नोव्हेंबर १६९५ रोजी मारला गेला. १९७१ साली पोर्तो आलेग्रेमध्ये कवी ओलिवेइरा सिल्वेइरा आणि त्यांच्या साथीदारांनी ठरवलं, की राजकन्येने गुलामगिरी संपवणाऱ्या कायद्यावर सही केली तो १३ मे आपला दिवस नाही, आपला दिवस हा. तो देशभराची सुट्टी व्हायला २०२३ अखेरचा कायदा लागला. २०२४ मध्ये पहिल्यांदा सगळ्या ब्राझीलने ती पाळली.

मंचावर ओरिशांचे वेश करून नाच बसवू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. रोदा करा, तुम्ही घडवलेला बेरिंबाव दाखवा, चवळीचे वडे करा. गुजरातच्या सिद्दींकडे ‘मलुंगा’ नावाचं धनुष्यासारखं, भोपळ्याचं वाद्य आहे, बेरिंबावचा सख्खा नातलग वाटावा असं. ते वाजवणाऱ्यांना बोलावता आलं तर उत्तम. मात्र ते वेगळ्या समुद्राने, वेगळ्या वाटेने आलेले लोक आहेत. त्यांचा इतिहास त्यांनाच सांगू द्या, बाहियाच्या गोष्टीला जोड म्हणून वापरू नका.

आणि त्या दिवशी जे मुद्रण ऐकवणार असाल ते आधी साल्वादोरला पाठवून पुन्हा एकदा विचारा. मार्चमध्ये दिलेला होकार नोव्हेंबरला तसाच असेल असं धरू नका. मधल्या काळात कोणी गेलेलं असेल, तर त्या घरात काही दिवस त्याचा आवाज लावत नाहीत. जुलैतच विचारून ठेवा. ऑगस्टच्या मध्यावर रेकोंकावोतल्या काशोएइरा गावात बोआ मोर्ते या काळ्या बायकांच्या धार्मिक मंडळाचा उत्सव असतो, रेकोंकावोतली बरीच मंडळी तिकडे गेलेली असतात, आणि उत्तरं उशिरा येतात.